शेळीची सोय

कुणाला राहायला जागा देण्यासाठी इंग्रजीत किती क्रियापदं आहेत, हे मी वर्गात तोऱ्यात शिकवते. हाउस, लॉज, शेल्टर, घोड्याला तर वेगळं स्टेबल. शेजारीण ऊसतोडीला निघाली, तेव्हा शेळीचं दावं माझ्या हातात देत एवढंच म्हणाली, "बाई, ही ऱ्हाईल तुमच्याकडं." आपण मोठे उपकार करतोय, अशा थाटात मी शेळी अंगणात बांधली.

सहा महिन्यांनी शेजारीण शेळी न्यायला आली. शेळीला दोन करडं झाली होती. तिनं शेळी आणि एक करडू न्यायला सोडलं, दुसरं तसंच बांधलेलं ठेवलं.

"राखनारीचा वाटा."

मी ठामपणे नको म्हटलं. ती तडकली. "मंग पुढच्या साली कोन्त्या तोंडानं आनू शेळी?"

करडू अजून माझ्या अंगणात आहे.