पोस्टमनकाकांचा बोलका डबा

आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका भ्रमिष्ट झाले, अशी आवई उठली. उठवण्यात थोडा हात माझाही होता. त्याच चार गल्ल्यांत माणूस दिवसभर मोटरसायकलवर घिरट्या घालू लागला, तर आम्ही काय समजायचं?

खरी गोष्ट निराळीच निघाली. मागे मेव्हणीकडे जाताना काका रस्ता चुकले, तेव्हा काकू अर्ध्या वाटेतूनच बसने घरी परतल्या. "पुन्हा तुमच्या मागे बसणार नाही," म्हणाल्या. म्हणून काकांनी दुकानातून जीपीएसचा डबा आठवडाभर वापरून बघायला आणला. हँडलवर एकीकडे तो, दुसरीकडे मोबाईलचं अ‍ॅप. परीक्षा जुन्या टपालाच्या वाटेवर, कारण तिथलं दारन् दार त्यांना पाठ.

अ‍ॅप एकदाही चुकलं नाही. डबा दोनदा चुकला. तरी काकांनी डबाच विकत घेतला, आणि काल काकू चक्क हेल्मेट घालून मागे बसल्या.

"अहो काका, चुकणारा कशाला घेतलात?" मी फाटकातूनच टोचलं.

"मोबाईल इयरफोनमधून माझ्याच कानात कुजबुजतो. हा मोठ्याने ओरडतो, हिलाही ऐकू जातं. आता रस्ता चुकला तर ही त्याला बोलेल, मला नाही!"