साडूभाऊंच्या बोटाची खरी हकीकत

माझ्या साडूभाऊंइतका मशीनला भिणारा सुतार उभ्या धाराशिव जिल्ह्यात झाला नसेल, आणि हे मी कौतुकानं सांगतो आहे. नळदुर्गात हायवेलगत आम्हा दोघांचं फर्निचरचं दुकान होतं. फळीच्या कडेला गोलाई मारायचं हातातलं राउटर मशीन आम्ही आणलं, तेव्हा साडूभाऊंनी पहिले तीन दिवस ते नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी घड्याळ, अंगठी, गळ्यातला ताईत सगळं काढून डब्यात ठेवलं, बाह्या कोपरापर्यंत आवळून दुमडल्या आणि मगच हात लावला. पुढं रोज हेच. फळी दोन शिकंज्यांनी टेबलाला आवळायची, स्वतः ओढून पाहायची, मग मलाही ओढायला लावायची. डोळ्यांवर गॉगल, तोंडाला फडकं. तामलवाडीच्या एका गिऱ्हाइकानं दारातूनच विचारलं, "आत ऑपरेशन चाललंय का काय?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "व्हय. पेशंट सागवानी हाय. भाईर बसा."

समोरची कड डावीकडून उजवीकडंच मारायची, हा त्यांचा कायदा. उलटं नेलं की मशीन हातातून पळतं. घाई करून मी एकदमच खोल काप घेऊ लागलो की ते खांद्यावर हात ठेवून म्हणत, "साडूभाऊ, आख्खी भाकर एका घासात गिळता का तुमी? तीनदा घ्या, थोडं थोडं." लाईट गेली की बाकीचे सुतार तंबाखू मळायला बसतात. हे आधी बोर्डातली पिन काढत. घरी मिक्सरची, टीव्हीची, फ्रीजचीसुद्धा. माझी मेहुणी वैतागून म्हणायची, "ह्यांचं चाललं तर लाईट गेल्यावर कुकरची शिट्टीबी काढून ठिवतील."

आता जे इतकी वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. सोनारीच्या एका घरचं देवघर करत होतो. कड मी मारत होतो. मध्येच लाईट गेली. त्या मशीनचं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं. ते मी तसंच ठेवलं, मशीन टेबलावर आडवं केलं आणि फोन आला म्हणून दाराशी गेलो. साडूभाऊ आले. गोलाई जरा जाड दिसली, म्हणून मशीनचं कापणारं पातं, म्हणजे बिट, बदलायला त्यांनी पाना उचलला आणि विचारलं, "पिन काढली का?"

मी फोनवरच होतो. मान न वळवता म्हणालो, "व्हय, काढली."

लाईट आली.

डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर साडूभाऊ म्हणाले, "माझीच चूक." मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही. त्या दिवशी बोललो नाही आणि मग रोजच बोलायचं राहत गेलं.

बोट भरून आलं, पण त्यांचा शब्द गेला. पूर्वी कुणीही नवं मशीन घेतलं की आधी साडूभाऊंना बोलावणं यायचं. ते थांबलं. ते कुणाला म्हणाले, "शिकंजा आवळा," की समोरचा त्यांच्या बोटाकडं बघून म्हणायचा, "तुमी आवळला व्हता का, काका?" सगळे हसायचे. मीही थोडं हसायचो. हळूहळू त्यांनी सांगणंच सोडलं. दुकानात कुणी चुकीच्या बाजूनं कड मारताना दिसला की ते उठून बाहेर जात आणि हायवेवरचे ट्रक बघत उभे राहत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. ऐकून ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की. एका हातानं पिन मीच काढली ना नंतर."

"मग सांगितलं का न्हाई कुणाला?"

"तुमी इतके पांढरे पडला व्हता, मला वाटलं आधी तुमालाच भरती करावं लागतंय."

मी म्हणालो, आता मी हे लिहून काढतो, चारचौघांना वाचायला देतो.

"लिव्हा. पन लोक इचारतील, तुमी सवता पिन का बघितली न्हाई? त्याला काय सांगू?"

मग त्यांनीच सांगितलं, अगदी साधेपणानं, "तुमी काढली म्हनला, म्हनून."