पांढऱ्या ठिपक्यांचा दगड

सहादू आप्पांचा फोन आला तेव्हा जहिदा मॅडम दगडाची चकती घासत होत्या. कागदाहून पातळ होईपर्यंत ती काचेवर घासायची असते, म्हणजे मग सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून उजेड जातो. हात अडकले होते म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, तुमची विहीर सोमवारी बुजणार. रोडात गेली."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या. चकती मोडली. तीन वर्षं मी त्यांच्याकडे संशोधन करतोय, पण त्यांच्या हातून चकती मोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

विहीर सहादू आप्पांची, नांदगावच्या अलीकडे, त्यांच्या मळ्यातली. पण आमच्या विषयात ती मॅडमचीच. २००६ साली ती खोदली जात असताना मॅडमनी चौदा मीटर खोलीवरचा एक दगड घेतला. काळा, आत पांढरे लांबट ठिपके. परदेशातल्या प्रयोगशाळेने त्याचं वय काढलं : सहा कोटी चौऱ्याऐंशी लाख वर्षं. आमच्या भागातला बाकीचा काळा दगड सहा कोटी साठ लाखांच्या आसपासचा. म्हणजे मॅडमचा दगड चोवीस लाख वर्षांनी थोरला. त्यावरून त्यांनी मांडलं, की भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या खाली असतानाच, सगळे समजत होते त्याच्या कितीतरी आधी, नांदगावखालच्या एका भेगेतून लाव्हा वाहायला लागला होता. खोलीतल्या भिंतीवरच्या नकाशात ती भेग त्यांनी लाल रंगात काढलीय. या एका शोधनिबंधावर तासिका तत्त्वावरच्या जहिदा मॅडम कॉलेजात कायम झाल्या. विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातही तो आकडा आहे. मी पेठजवळच्या पाड्यावरून नाशिकला आलो तो त्याच पुस्तकातलं ते पान वाचून.

मॅडम मालेगावच्या. अब्बांचे चार यंत्रमाग होते. "आमच्या घरी दगडाचा उपयोग एकच," त्या सांगायच्या, "मागाखाली सरकवायचा, हादरे कमी बसावेत म्हणून." शोधनिबंध छापून आला तेव्हा अब्बा म्हणाले होते, "दगडाचं वय मोजलंस बेटा, आता स्वतःचंही मोज." त्या हसायच्या हे सांगताना. लग्न केलं नाही. हैदराबादच्या संस्थेने बोलावलं होतं, तिकडेही गेल्या नाहीत. दर हिवाळ्यात मनमाड ते नांदगाव फिरून दगड गोळा करायच्या. एकसष्ट दगडांची वयं काढून झाली होती. एकही थोरला निघाला नाही. मला वाटायचं, केवढी ही चिकाटी.

म्हणून त्या दिवशी मी उड्याच मारत होतो. "मॅडम, विहीर कोरडी असेल. भिंतीवरून नवे नमुने घेऊ. दर मीटरला एक!"

"पेपर तपासायचे आहेत, ललित."

"मी तपासतो ना."

"गाडी सर्व्हिसिंगला द्यायचीय."

"एसटीने जाऊ."

मी सोडलंच नाही. शेवटी शनिवारी सकाळी त्यांच्या गाडीतून निघालो. मनमाड मागे पडलं. रस्त्यावरची नजर न हलवता मॅडम म्हणाल्या, "ललित, मी त्या विहिरीत कधी उतरलेलीच नाही."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"खोदणं चालू होतं. पुंजाभाऊंची टोळी. बाईमाणसाने चालू कामात उतरायचं नाही, असा त्यांचा नियम. मी दुपारभर काठावर बसून राहिले. संध्याकाळी पुंजाभाऊंनी दगड आणून दिला. मी विचारलं, किती खोल? ते म्हणाले, आता चौदा मीटर झालीय. लिहिताना माझे सर म्हणाले, 'भिंतीतून स्वतः काढला' असं लिही, नाहीतर कोण छापणार? मी लिहिलं."

"पण दगड तर तिथलाच ना, मॅडम?"

"तेच तर एकोणीस वर्षं स्वतःला सांगतेय. दुसरा एक सापडला असता, तर हा सोडून दिला असता. हैदराबादला गेले असते, तर इथे दुसरं कुणीतरी आलं असतं. ते उतरलं असतं."

विहिरीवर यारी उभी होती. विहिरीतला गाळ-दगड वर ओढायचं ते यंत्र, लोखंडी टोपलं लावलेलं. बुजवण्याआधी मोटर आणि पाइप काढून घ्यायला आप्पांनी पुंजाभाऊंनाच बोलावलं होतं. पुंजाभाऊ आता सत्तरीचे, डोक्याला टॉवेल.

"मॅडम! लय वर्षांनी! म्हाताऱ्या झाल्या की."

"तुम्ही तेवढे जवान राहिलात, पुंजाभाऊ."

"आमचं काय, दगूड फोडून दगडावानी झालो."

मॅडमनी टोपल्याकडे पाहिलं. "मला उतरायचंय. आज चालेल का?"

पुंजाभाऊंनी टॉवेल काढून मान पुसली. "बुजायचीच हाय आता. आता कसला नियम अन् कसलं काय. बसा."

आम्ही दोघं टोपल्यात उभे राहिलो. तारेची कुरकुर सुरू झाली. पारवे फडफडत डोक्यावरून गेले. मी टेप सोडत होतो, मॅडम भिंतीवर हात फिरवत होत्या. पाच मीटर, काळा दगड, बारीक कणांचा. नऊ मीटरवर लाल मातीचा वीतभर थर. बारा. तेरा. चौदा. मी ओरडून यारी थांबवली.

काळा दगड. बारीक कणांचा. ठिपके नाहीत.

मॅडमनी हातोडीने ताजा तुकडा फोडला, भिंग लावलं. मग तो मला दिला. "तू बघ." मी पाहिलं. "अजून बघ." मी ओली बाजू पुसून पुन्हा पाहिलं. आम्ही तळापर्यंत गेलो, तिथून पुन्हा वर, मीटरमीटरने, चारही बाजूंनी. एक पांढरा ठिपका नाही. त्या दगडात ठिपके बोटाच्या पेराएवढे होते, ते नजरेतून सुटणारे नव्हेत. चौदा मीटरवर परत आल्यावर मॅडमनी टोपल्याची कड दोन्ही हातांनी धरली. वर ताटाएवढं आभाळ होतं. यारीवाल्याला हाक मारावी की नाही कळेना, कारण वर जाऊन काय करायचं तेही कळत नव्हतं.

वर आल्यावर मॅडमनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पुंजाभाऊ, तेव्हा मला दगड दिला होता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं! ठिपक्यांचा."

"तो या विहिरीत कुठे होता?"

"या विहिरीत?" पुंजाभाऊ हसले. "हिच्यात कुठले ठिपके! तुम्ही म्हनत होत्या, ठिपक्यांचाच पायजे, त्याचंच वय निघतं. अन् दुपारभर उन्हात बसलेल्या. मोकळ्या हाती कसं जाऊ द्यायचं बाईमानसाला? आमच्या ट्रॅक्टरात एक व्हता, पान्याच्या ड्रमाला टेकण लावलेला. त्यातला निम्मा फोडून दिला."

"ट्रॅक्टरात कुठून आला?"

"आधीच्या कामावरून. नायतर त्याच्याही आधीच्या." ते बोटं मोजू लागले, गावांची नावं घेऊ लागले, मग थांबले. "त्या साली लय विहिरी केल्या आम्ही. सुरगाण्यापस्तोर गेलतो." मॅडमचा चेहरा पाहून ते जरा चपापले. "का वो? चांगला नव्हता का निघाला?"

"चांगला निघाला, पुंजाभाऊ," मॅडम म्हणाल्या. "फार चांगला निघाला."

परतताना मीच बोललो. आज लिहायलाही लाज वाटते, पण बोललो. "मॅडम, सोमवारी विहीर बुजेल. मग कुणी..."

"तुझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात माझा आकडा किती वेळा आहे?"

"अकरा वेळा."

"हं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी शोधनिबंध छापलेल्या नियतकालिकाला पाठवायचं पत्र मला टाइप करायला सांगितलं. मी दोन पानं केली : पद्धत, परिस्थिती, २००६ मधली अडचण. त्यांनी सगळं खोडून चार ओळी ठेवल्या. दगड मी काढलेला नाही. तो त्या विहिरीतला नाही. वय बरोबर असू शकतं. जागा माहीत नाही. खाली सही करून त्या उठल्या, कपाटातून दगडाचा उरलेला तुकडा काढला, त्यावरची 'नांदगाव, १४ मी.' ही पट्टी नखाने सोलली. जुना गोंद, निम्मीच निघाली.

पत्राला उत्तर आलं : मिळालं, विचाराधीन आहे. त्याला आता तीन आठवडे झाले.

परीक्षा मात्र तोंडावर होती. शेवटच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. मॅडमनी पुस्तकातला आकडा फळ्यावर लिहिला आणि विहिरीची सगळी हकीकत वर्गाला सांगितली, काही न लपवता. मग निकिता नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, मग पेपरात किती लिहायचं?"

मॅडमच्या हातात डस्टर होतं. त्या फळ्याकडे वळल्या. डस्टर न फिरवताच खाली ठेवलं.

"पुस्तकात आहे तेच लिहा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मार्क जातील तुमचे."

वह्यांवर पेनं चालू लागली. सहा कोटी चौऱ्याऐंशी लाख. नांदगाव.