माइकवर घेतलेलं नाव

आमच्या गावात एक नातं असं आहे, की त्यात माणसाचं नाव घ्यायचं नसतं. नवऱ्याचं म्हणत नाही मी. नवऱ्याचं नाव तर मी अर्जांवर आणि शपथपत्रांवर लिहून लिहून गुळगुळीत केलं आहे. मी म्हणतेय ते भोजलीचं. राखीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरी-बाया टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब तलावावर नेतात, टोपल्या पाण्यात सोडतात आणि हातात राहिलेले कोंब एकमेकींना देतात. भांडण असलेल्या बाईलाही देतात, कारण त्या दिवशी कोणाला नाही म्हणायची सोय नसते. पण दोघींनी ते कोंब एकमेकींच्या कानावर खोवले, की त्या जन्मभराच्या भोजली झाल्या. त्या दिवसापासून एकमेकींना भोजली म्हणायचं, नाव बंद. चुकून तोंडातून निघालंच, तर एक नारळ दंड.

मी आणि माझी भोजली एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. मी सालेकशाकडची, ती त्याच्याही पलीकडची, छत्तीसगडच्या हद्दीतली. तिच्या बोलीला मी हसायचे आणि माझ्या रागाला ती. माझं माहेर आमगावपासून जवळ, त्यामुळे मी स्वतःला शहरातली समजायचे, आणि हे तिला इतकं गमतीचं वाटायचं की पाणी भरताना घागर खाली ठेवून हसायची. पहिल्याच श्रावणात तलावाच्या पाळीवर तिने माझ्या कानावर कोंब खोवले. मला विचारलंही नाही. मीही मग तिच्या कानावर खोवले.

पुढे काही वर्षांनी सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. गावात शिकलेली सून म्हणून मी होते, डीएड झालेली. चार वडीलधारी माणसं घरी आली. सही करायला एक बाई हवी, एवढाच त्यांचा हिशोब असावा. सहीसोबत माझा रागही येईल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं सरपंच होते, मग पाच वर्षं जिल्हा परिषदेची सदस्य. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं फार आवडायचं. गाडीतून उतरल्यावर लोकांनी खुर्ची पुढे करणं आवडायचं. माइक हातात आला की माझा आवाज आपोआप अर्धा सूर वर जायचा. घरी नवऱ्याला भाजी वाढतानाही मी 'या ठिकाणी' म्हणायला लागले होते.

मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. भोजलीचं घर आमच्यापासून चौथं. तिला दोन मुलगे, मुलगी नाही. सकाळी मी लेकीला तिच्या ओसरीवर सोडायचे आणि संध्याकाळी, कधी उशिरा, उचलून आणायचे. तिथेच ती जेवली, झोपली, तिथेच तिचे दुधाचे दात पडले. मला ती मम्मी म्हणायची आणि भोजलीला दाई. तिकडच्या बोलीत दाई म्हणजे आई. मी हे कौतुकाने भाषणातसुद्धा सांगितलं आहे. टाळ्या पडल्या होत्या.

जिल्हा परिषदेच्या शेवटच्या वर्षी आमगावला बचत गटांच्या बायांचा सत्कार होता. भोजलीच्या गटाचे मोहाचे लाडू गोंदियापर्यंत जायला लागले होते. तिचं नाव यादीत मीच घातलं होतं. माझ्या मते मी तिच्यासाठी फार मोठं काहीतरी करत होते. माइक माझ्याकडे आला. मी यादी वाचत गेले, आणि तिची पाळी आली तेव्हा कागद खाली ठेवून म्हणाले, "आणि आता माझी जिवाभावाची मैत्रीण..." असं म्हणून तिचं नाव घेतलं. तिचं, तिच्या नवऱ्याचं, आडनाव, सगळं, ठासून. ती उठली, मंचावर आली. मी तिला शाल पांघरली, नारळ दिला, फोटोसाठी तिचा हात धरून तिला माझ्याकडे वळवलं. ती वळली. पण तिने मान वर केली नाही. मला वाटलं, लाजली.

लेकही कार्यक्रमाला आली होती. परत येताना गाडीत ती म्हणाली, "मम्मी, तू दाईचं नाव घेतलं."

"अगं, कार्यक्रमात घ्यावंच लागतं," मी फोनवरून नजर न काढता म्हणाले. "तिथं काय भोजली म्हणून बोलावू?"

दुसऱ्या दिवशी भोजली दारावरून जाताना मी हाक मारली. ती थांबली, पदर सावरला आणि म्हणाली, "काय काम आहे, मॅडम?"

सारं गाव मला मॅडम म्हणायचं, त्यात मला आनंदच होता. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि 'काही नाही' म्हणून मी आत आले. तरी मी गेले नाही तिच्याकडे. त्या आठवड्यात तीन बैठका होत्या, आणि नंतर निघेल काहीतरी मार्ग असं मला वाटलं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रत्येक गोष्टीला पुढची तारीख होती. लेकीचं येणं-जाणं मात्र भोजलीने थांबवलं नाही. माझ्यावरचा राग तिने पोरीवर काढला नाही.

मग मुदत संपली. पुढच्या वेळी आमची जागा दुसऱ्याच प्रवर्गाला गेली, आणि पक्षालाही माझी आठवण येईना. फोन इतका गप्प झाला की एकदा मी स्वतःच त्यावर मिस कॉल देऊन बघितला, चालू आहे ना म्हणून. रोज चहाला येणाऱ्या बायांपैकी दोघी महिनाभर आल्या, मग एकच, तीही मला अजून शिक्का मारता येतो या समजुतीने. सत्कारातल्या शाली एवढ्या साठल्या होत्या की नवऱ्याने एक मोटरसायकलवर टाकली आणि एक तांदळाच्या कोठीवर. मी त्याच्याशी त्यावरून दोन दिवस भांडले. खरं तर भांडायला दुसरं कोणी येतच नव्हतं.

सगळ्यात वाईट वाटायचं ते लेकीचं. मी साधी बाजाराला जायला साडी नेसले तरी ती पुस्तकातून मान वर न करता विचारायची, "परत कधी येशील?" त्यात तक्रार नसायची. डब्यात काय आहे असं विचारावं तसं विचारायची.

त्याच हिवाळ्यात एकदा ती भोजलीकडून न्हाऊन, नवा सलवार-कुर्ता घालून घरी आली. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, दाईने घेतला. आणखी दोनदा विचारल्यावर कळलं. चार दिवसांपूर्वी तिला पाळी आली होती, पहिली. ती शाळेतून तडक तिकडे गेली होती. चार दिवस मला पत्ता नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू बैठकीत होतीस ना."

मी कुठल्याही बैठकीत नव्हते. मी पुढच्या खोलीत टीव्ही बघत बसले होते. पण दहा वर्षांत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की मम्मी बैठकीत असते.

मी तशीच चप्पल अडकवून भोजलीच्या अंगणात गेले. माझा आवाज अर्थातच अर्धा सूर वर होता. माझी मुलगी आहे, मला कळवायची पद्धत नाही का, असं बरंच बोलले. ती धान पाखडत होती. सूप थांबवलं नाही तिने.

"पोरगी रडत आली माज्याकडं," ती म्हणाली. "मंग काय करू मी? तिले परत पाठवू? मॅडमकडं अर्ज कर म्हनू?"

घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. माझी पोर मोठी झाली होती, आणि तिचं सगळं महत्त्वाचं चार घरं पलीकडे झालं होतं, मी नाव घेऊन दुखावलेल्या बाईच्या पदराखाली. ती बाई परत माझी झाली नाही, तर माझ्या लेकीला जन्मभर दोन घरांच्या मधून चोरासारखं जावं-यावं लागणार होतं. आणि मला स्वतःलाही ती हवी होती. गावात दुसरं कोणी मला माझ्या रागासकट ओळखत नव्हतं.

पुढच्या भोजलीच्या दिवशी मी नारळ घेऊन तलावावर गेले. चांगला मोठा, शेंडी राखलेला. सगळ्या बाया होत्या. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, माझा दंड घे.

तिने नारळाकडे बघितलं. "नारेल तं तू देल्ला ना मले," ती म्हणाली. "शालीसंगं. फोटो बी आहे." मग माझा हात धरून तिने चार कोंब माझ्या तळव्यावर ठेवले. कानावर नाही. सगळ्यांना देतात तसे, हातात.

मी पाळीवर उभी राहून सगळ्यांसमोर रडले. दोनदा निवडणूक लढवलेली बाई, विरोधकांच्या तोंडावर बोलणारी. लेकीने माझ्या हातातला नारळ घेतला आणि आम्ही घरी आलो. त्याची चटणी केली. काय करणार?

त्यानंतरच्या वर्षात मी विशेष काहीच केलं नाही. घरी राहिले. हे लिहायला सोपं आहे, करायला मला फार जड गेलं. सुरुवातीला मी लेकीला शाळेबद्दल असं विचारायचे की एकदा ती वैतागून म्हणाली, "मम्मी, तू बोलतेस का चौकशी लावतेस?" मग मी विचारणं सोडलं. धान कापल्यावर बांधीत, त्याच खाचरात, लाखोळी येते, तिचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडायला आम्ही दोघी जायला लागलो. मी गप्प खुडायचे. चार-पाच दिवस तीही गप्प. मग एके दिवशी तिने वर्गातल्या एका मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगायला घेतलं, आणि ते इतकं लांबलं की भाजी दोन घरांना पुरेल एवढी झाली. मी एकही सल्ला दिला नाही. जीभ चावून ठेवली होती, अक्षरशः. उरलेली भाजी तिनेच दाईकडे नेली.

या पावसाळ्यात तिनेच सांगितलं की दाईच्या बांधीत भाताच्या रोवणीला बाया मिळत नाहीत. सगळ्या गावची रोवणी एकदम निघाली होती, आणि उपटून ठेवलेली रोपं पिवळी पडायला लागली होती. भोजलीने ती बांधी ठेक्याने केलेली, रोपं गेली की वर्ष गेलं. मी सकाळी जुनं लुगडं नेसले. लेकीने मान वर केली. "परत कधी..." म्हणाली आणि थांबली. "दाईकडं चाललीस?"

बांधीत आठ बाया वाकलेल्या होत्या. मला बघून एक म्हणाली, "मॅडम, उद्घाटन करून राहिल्या का? फोटोवाला कुठं आहे?" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करता. भोजली हसली नाही. तिने रोपांची एक पेंढी उचलली आणि माझ्या पायाजवळच्या चिखलात फेकली. ते मी आमंत्रण समजले.

दुपारपर्यंत कंबर माझी राहिली नव्हती. रोवणी मागे मागे सरकत करायची असते, आणि मला पुढे जायची सवय. माझी रांग वाकडी, रोपं कुठे दाट, कुठे विरळ. माझ्यामागून येऊन भोजली न बोलता नीट करून जायची. दुसऱ्या दिवशी भाकर खाताना ती माझ्या शेजारी बसली आणि समोर बघत म्हणाली, "आता मी तुले भोजली नाई म्हनू शकत वो. थे एकडाव तुटलं का तुटलं. खोटं कायले बोलू?"

"नको बोलूस," मी म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण तिने मॅडम म्हटलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तिच्या भाकरीवर लोणच्याची फोड ठेवली. तिने ती खाल्ली.

तिसऱ्या दिवशी शेवटची बांधी होती. दुपारी लेक चहाची किटली घेऊन बांधीच्या कडेला, धुऱ्यावर आली. तिच्याकडे बघण्याच्या नादात माझी रांग भोजलीच्या रांगेत शिरली. तेवढ्यात मागून जोरात हाक आली, माझ्या नावाने. कागदावरच्या नावाने नाही. ते लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं, माइकवर पुकारलं जाणारं. ही हाक माझ्या माहेरच्या नावाने होती. त्या नावाने मला बोलावणारी माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. इथे त्या नावाने मला फक्त एकाच बाईने हाक मारली होती. सुना होऊन आल्यावर, श्रावण लागायच्या आधी, आम्ही एकमेकींना माहेरच्या नावांनीच बोलावत होतो.

"अवो, मांग सरक ना!" भोजली ओरडली, आणि पुन्हा एकदा तेच नाव. "माज्या रांगेत काऊन घुसून राहिली?"

बाया थांबून इकडेतिकडे बघायला लागल्या. हे नाव कोणाचं, ते त्यांना समजेना. धुऱ्यावर लेकही किटली धरून तशीच उभी होती.

"मम्मी," तिने विचारलं, "दाई कोणाला बोलावतेय?"

"मला," मी म्हणाले, आणि मागे सरकले.