तुमची पोरगी कुठं घालणार, सर?

जून लागला की मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक राहत नाही. पाठीला बॅग, बॅगेत कॉलेजची रंगीत पत्रकं, आणि मोटारसायकलवर गावोगाव बारावी झालेली लेकरं शोधत सुटतो. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला आहे. विज्ञानाच्या तुकडीत पोरं कमी भरली की तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की मी अतिरिक्त. त्यामुळं जूनमध्ये माझ्या अंगात जो उत्साह असतो, तो वर्षभर वर्गात कुणाला दिसलेला नाही.

या कामात मी पटाईत झालो होतो. माणसं शेतात जायच्या आधी गाठायची. आधी पेरणीची चौकशी, मग चहा, मग लेकराचं कौतुक. मूळ गुणपत्रिका आणि टीसी आपल्या बॅगेत पडली की पोरगं आपलं. एकदा सेनगावात एका गल्लीत दुसऱ्या कॉलेजचे सर समोरून आले. दोघंही एकाच घरी निघालेलो. ते दप्तर फुकट देणार होते, मी बसचा पास. दोघांनीही एकमेकांना न बघितल्यासारखं केलं आणि दोघंही एकाच मेडिकलमध्ये शिरलो. मी डोकेदुखीची गोळी घेतली. त्यांनीही तीच घेतली.

माझा हुकमी पत्ता मी शेवटी काढायचो. आवाज खाली करून म्हणायचो, "आणि आपल्याकडं हजेरीची तकलीफ न्हाई." या एका वाक्यावर माझी तुकडी कित्येक वर्षं टिकली. पोरं पोलीस भरतीची तयारी करायची, दुकानात बसायची, परीक्षेला उगवायची. मी स्टाफरूममध्ये पेपर वाचायचो. कुणाचीच तक्रार नव्हती.

मग माझी स्वतःची पोरगी बारावी झाली.

तिला नांदेडच्या एका कॉलेजात जायचं होतं. मैत्रिणीबरोबर ते बघून आली तेव्हा तिची बोटं लाल होती. तिथल्या प्रयोगशाळेत कुणीतरी तिला देठाचा पातळ काप घेऊन रंगात बुडवायला दिला होता. जेवतानाही ती त्या बोटांकडं बघून राहिली होती. मी हिशेब मांडला. तिकडं होस्टेल, मेस, फी. इकडं बापाच्या मोटारसायकलची मागची सीट. शिवाय तुकडीत एक डोकं वाढणार, हे मी मोठ्यानं म्हणालो नाही. बायकोला पटलं. पोरीनं एवढंच विचारलं, "पप्पा, तुमच्या मायक्रोस्कोपवर कायम कव्हर काहून असतं?"

धुळीमुळं, मी म्हणालो.

असं सगळं लटकलेलं असताना एका सकाळी मी तिला गोरेगावच्या पुढच्या एका तांड्यावर सोबत नेलं. वाटेत मोकळं बोलता येईल, असं कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं. पोरगी सोबत असली की घरातल्या बाया बाहेर येऊन बसतात आणि काम लवकर होतं.

त्या घरची बाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. तिची लेक नुकतीच बारावी सायन्स झालेली, दाराला टेकून उभी. मी फी सांगितली, पास सांगितला, मग आवाज खाली केला आणि हजेरीचं सांगितलं.

"मला तर रोज यायचं हाय," लेक म्हणाली.

अशी अडचण मला आजवर आली नव्हती. रोज आलं तरी चालतं, असं काहीतरी मी बोललो. बोलल्यावर माझं मलाच कसंतरी वाटलं.

आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्या पोरीकडं नीट बघितलं. "ही तुमची का?"

"व्हय."

"हिला कुठं घालून राहिले, सर?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी पोरीकडं न बघता म्हणालो, "आपल्याच कॉलेजात. दोघी संगंच बसतील."

"मंग आमचीबी घ्या," असं म्हणून ती आत गेली आणि कागदांची पिशवी घेऊन आली.

परतताना गोरेगावात चहाला थांबलो. पोरगी म्हणाली, "तुमी माझं ॲडमिशन मला न विचारता त्या काकूंना देऊन टाकलं." मी खर्चाचं सांगायला लागलो, तर तिनं मला अडवलं. "आवाज खाली करू नका, पप्पा. मला इतकंच सांगा, तुमच्या कॉलेजात मी काही शिकंन का?"

मी भरला कप खाली ठेवला. मग म्हणालो, "न्हाई." त्या महिन्यातलं माझं ते एकमेव खरं वाक्य.

"मग त्या काकूंच्या पोरीचे कागद परत द्या."

देतो म्हणालो. पोरीला नांदेडला घातलं. कागद दिले नाहीत. तुकडी अगदी काठावर होती.

कॉलेज सुरू झालं आणि ती तांड्यावरची लेक बसनं रोज यायला लागली. पहिल्या बाकावर बसायची आणि शेजारची जागा माझ्या पोरीसाठी मोकळी ठेवायची. मी माझ्या धडधाकट पोरीला आधी ताप आणला, मग तिच्या मावशीचं लग्न काढलं. मावशीचं लग्न होऊन तिची लेकरं शाळेत जातात. वर्गही घ्यावाच लागला. एकटीच विद्यार्थिनी समोर, आणि अभ्यास न करता आलेल्या पोरासारखा मी फळ्यापाशी.

आईनं लेकीसोबत दोन डबे द्यायला सुरुवात केली होती. दुसरा माझ्या पोरीसाठी. मी पोचवतो म्हणून तो घ्यायचो आणि स्टाफरूममध्ये बसून खायचो. ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी वांग्याची भाजी. डबा घासून परत द्यायचो. वर, "तिला फार आवडला," असंही सांगायचो. ते मात्र आवाज खाली न करता.

एक दिवस आई स्वतःच आली. दोघी संगं बसलेल्या बघायच्या म्हणाली. मोकळ्या जागेकडं बघून तिनं विचारलं, ती कुठं हाय. खोटं तयार होतं, पण तिच्या हातात दुसरा डबा होता. मी सांगून टाकलं, नांदेडला आहे. पहिल्यापासून.

"काहून?"

"तिथं रोज शिकवतात."

तिनं हातातला डबा वर धरला. "मंग हे कोण खाऊन राहिलं होतं?"

"मी."

लेकीनं मान खाली घातली. ती हसत होती की रडत, मला आजही ठरवता येत नाही. आईनं डबा पिशवीत परत ठेवला आणि विचारलं, तिथं गरिबाचं लेकरू राहू शकतं का. तेव्हा मी सांगितलं की नांदेडला मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, मेससकट. ते जूनमध्येही होतं. मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या पत्रकात छापलेलं नव्हतं, इतकंच.

उरलेलं वर्ष मी शिकवलं. मायक्रोस्कोपचं कव्हर काढलं तर आतून पाल निघाली. माझ्यापेक्षा लेकीनंच धीर धरला.

या जूनमध्ये तिचे कागद ऑफिसातून मीच काढून दिले. वसतिगृहात तिचा नंबर लागला. आता नांदेडला दोघी खरंच संगं बसतात, आणि माझ्या तुकडीत एक डोकं कमी आहे. म्हणून परत मोटारसायकल काढली. पहिल्याच घरी बाईनं चहा ठेवला आणि सहज विचारलं, तुमची लेकरं कुठं शिकतात, सर.

"नांदेडला," मी म्हणालो.

ती हसली आणि पत्रक घडी करून माझ्या हातात परत दिलं. चहा मात्र मी पूर्ण पिऊन उठलो.