शिवेवरच्या शाळेतला बँड

सुकन्या बीदरला शिकताना शाळेच्या बँडात साईड ड्रम वाजवायची. बीदर जिल्ह्यातल्याच ठाणाकुशनूरच्या पलीकडं, महाराष्ट्राच्या शिवेला लागून असलेल्या एका लहान गावात ती शिक्षिका म्हणून रुजू झाली, तेव्हा तिनं मुख्याध्यापक हावगेप्पा सरांना पहिल्यांदा हेच विचारलं, "सर, इथला बँड कामून बंद पडलाय?"

"पोरं येत न्हाईत, मॅडम," म्हणत सरांनी बँडच्या खोलीची किल्ली पुढं सरकवली. नजर मात्र खिडकीबाहेर होती.

मोठ्या ढोलाचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, बिगुलात कुंभारमाश्यांनी मातीचं घर केलेलं. सुकन्यानं उदगीरहून नवं कातडं आणलं, बिगुल धुऊनपुसून घेतला, आठवी-नववीच्या मुली जमवल्या आणि शाळा सुटल्यावर झेंड्याच्या खांबाजवळ सराव सुरू केला. हळूहळू मुलींचे हात वळू लागले.

एका संध्याकाळी ताल नुकता जुळत आला होता, तोच फाटकातून एक बाई धावत आली. हात शेणानं भरलेले. तिनं थेट सुकन्याचा दंड धरला.

"इथं? ह्याच जागी उभं केलाव लेकरांना?"

"काय झालं, मावशी?"

"तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्या सत्यभामाबाई. त्यांचा मुलगा शिवशंकर ह्याच बँडात होता. काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या तयारीत झेंड्याचा लोखंडी खांब उभा करताना त्याचं टोक विजेच्या तारेला लागलं. खांब धरलेले दोघे दूर फेकले गेले. शिवशंकर गळ्यात ड्रम घेऊनच मदतीला धावला, अन् खांबाला चिकटला तो सुटलाच नाही.

"बँड बंद करा म्हणून मी कधी म्हणले न्हाई," त्यांचा आवाज फाटला. "तार काढा म्हणायले. ढोल कोंडून ठेवलाव, तार हाय तिथंच. वर बघा की!"

सुकन्यानं मान वर केली. आखूड करून पुन्हा रोवलेल्या खांबावर, जेमतेम दोन हातांवर, तार झोके खात होती. ह्याच खांबाला टेकून ती रोज ताल मोजायची.

"पोरींनो, लांब व्हा!" एवढंच ती कशीबशी ओरडली.

दुसऱ्या दिवशी ती सत्यभामाबाईंना घेऊन वीज कार्यालयात गेली. साहेबांनी चौकशी करून सांगितलं, "ही तार हलवा म्हणून शाळेतून आजवर कुणीच काही कळवलेलं नाही."

सत्यभामाबाई साहेबांकडं बघत म्हणाल्या, "सर तर दरवर्षी सांगायचे, वरती कळवलंय म्हणून..."

परतल्यावर सुकन्यानं हावगेप्पा सरांना विचारलं.  ते म्हणाले, "विषय निघाला की दोषी म्हणून माझंच नाव येईल, असं वाटायचं." तिला रागसुद्धा येईना. तार हलवण्याचा अर्ज लिहून तिनं त्यांच्यापुढं सहीला ठेवला.

तार शाळेच्या भिंतीबाहेर गेली. पण खांबाजवळ जायला मुली किती तरी दिवस तयार नव्हत्या. सुकन्या आधी एकटीच तिथं उभी राहून वाजवायची. मग एकेक जण आली.

सव्वीस जानेवारीला बँड वाजला. झांज दोनदा चुकली. सत्यभामाबाई फाटकाशी उभ्या होत्या. ड्रमचा पहिला ठोका पडताच त्या दचकून भिंतीला टेकल्या, पण गेल्या नाहीत. कार्यक्रम आटोपल्यावर सुकन्या त्यांच्याजवळ गेली.

"शिवशंकर ह्याच्याहून लई बरा वाजवायचा," त्या म्हणाल्या.

"व्हय मावशी," सुकन्या म्हणाली. आणि ती त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.