दुपारपर्यंत खुर्ची सोडायची नाही

माझी वहिनी पुठ्ठ्याची खोकी विकते. केकची, बुटांची, औषधांच्या बाटल्यांची, सांगाल त्या मापाची. त्याच कंपनीत मी ऑर्डर घेणाऱ्या टेबलावर बसते. मी तिला वहिनी म्हणते म्हणून पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणतात. फक्त नवे साहेब ‘मॅडम’ म्हणायचे, आणि तेही अशा सुरात, की हिनं काहीतरी चोरलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

विक्री म्हणजे नुसतं गोड बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्याबरोबर एक दिवस काढून दाखवावा. सकाळी ती जुन्या गिऱ्हाइकांकडे, जिथं माल भरतात तिथं जाऊन उभी राहायची. काही विकायला नाही. खोकं कुठं फाटतं, कोण वैतागतं, ते बघायला. मग ओळखीतून ओळख काढत शेजारच्या दारात. दुपारी ऑफिसात येऊन भाव कळवायचे, नमुने कापून घ्यायचे, तक्रारी निस्तरायच्या. नव्या लोकांना फोन संध्याकाळी, तिथले दुकानमालक जरा टेकले की. “सकाळी गाडी भरणाऱ्याला फोन केला तर तो खोकी घेत नाही, शिव्या देतो,” असं तिचं म्हणणं. एवढं सगळं एका दिवसात बसवताना तिची तारांबळ उडायची, पण एका कामापायी दुसरं तिनं कधी वाऱ्यावर सोडलं नाही.

नव्या साहेबांनी आल्या आल्या फतवा काढला. दुपारपर्यंत कुणी खुर्ची सोडायची नाही, नव्या गिऱ्हाइकांना फोन एके फोन. भिंतीवर एक पडदा लागला. ज्याचे फोन जास्त त्याचं नाव वर. जो तळाला, त्याचा विक्रीचा भाग दुसऱ्याला जाणार आणि तो कायमचा फोनच्या खोलीत.

मग काय, सगळे आकडे भरायला लागले. एकजण रोज फोनवर हवामानाची ध्वनिफीत ऐकत बसायचा. आमच्या गोल्यानं तर कमालच केली. तो रोज सासूला फोन लावायचा, तिच्या गुडघ्यांची मनसोक्त चौकशी करायचा आणि समोर नोंद ठोकायचा: ‘खात्रीचं गिऱ्हाईक’. त्याचं नाव सगळ्यात वर झळकू लागलं. वहिनीचं तळाला.

“चार दिवस बस की खुर्चीवर,” दादा घरी तिला म्हणाला. “भाग गेला तर काय करशील?”

तो भाग तिनं दारोदार फिरून उभा केला होता. दादाच्या शब्दाखातर ती दुसऱ्या दिवशी बसली. कानाला फोनचं यंत्र लावून बसलेली वहिनी मला बघवेना.

तेवढ्यात माझ्या टेबलावर वहिनीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा, केकवालीचा फोन आला. “वहिनींना द्या! खोक्यांचे तळ सुटतायत. केक जमिनीवर पडतायत हो!”

वहिनी उठली. साहेब दारात आडवे आले. “मॅडम, तक्रारी दुपारनंतर. आता बाहेर पाऊल टाकलंत तर भाग गेला समजा.”

“समजले,” वहिनी म्हणाली आणि त्यांना वळसा घालून गेली. मला टाळी वाजवावीशी वाटली. पण नोकरी मलाही हवी होती.

केकवालीकडे खोकी ओल्या फरशीवर रचून ठेवली होती. वहिनीनं तिच्याबरोबर ती उचलून फळीवर लावली, तळाला दुहेरी पट्टी मारून दिली. केक वेळेवर गेले.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. “काम कसं करतात ते ऐका,” म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर, स्पीकर चालू ठेवून, गोल्याच्या खात्रीच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

“जावईबापू, आज परत?” पलीकडून आवाज आला. “अहो, सकाळीच तर बोललो. भांडलात का दोघं?”

खोलीत हशा पिकला. गोल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब लालबुंद झाले, पण मागे हटतील तर ते साहेब कसले? “पडद्यावर जे आहे ते आहे,” ते म्हणाले. “मॅडमचा भाग गोल्याकडे. मॅडम उद्यापासून फोनच्या खोलीत.”

माझं रक्त उसळलं. हा कुठला न्याय! वहिनीचा चेहरा क्षणभर पडला, मी पाहिलं. मग ती उभी राहिली.

“भाग कंपनीचा, काढून घ्या. फोनच्या खोलीत मी जाणार नाही. मला पुलापलीकडचा भाग द्या.”

“तिथं आपलं एक गिऱ्हाईक नाही.”

“म्हणूनच कुणाचा काढून घ्यावा लागणार नाही.”

साहेबांनी खांदे उडवले. बला टळली असंच त्यांना वाटलं असणार. “घ्या. पण नियम तोच. दुपारपर्यंत खुर्ची आणि फोन.”

“करते की,” वहिनी म्हणाली. “नंबर द्या.”

साहेबांनी संगणकावर शोधलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुलापलीकडचा एकही नंबर आमच्या कंपनीत कुणाकडे नव्हता.

“मग जाऊनच आणावे लागतील,” वहिनी म्हणाली. तिची नजर साहेबांवरून हलली नाही. “उद्या सकाळपासून आणते.”